मुलांना नवीन सुचावं म्हणून काय करायचं: तपासणारा डोळा उशिरा आणायची पद्धत

विज्ञान प्रदर्शनाच्या हॉलमधून एक चक्कर मारा, तालुक्याचं असो नाहीतर जिल्ह्याचं. हायड्रॉलिक जेसीबी असतो, ठिबक सिंचन असतं, पवनचक्की असते, स्मार्ट सिटीत एलईडी लुकलुकत असतात आणि प्रत्येक टेबलामागचं पोरगं पाठ केलेली माहिती एका दमात म्हणून दाखवतं. त्याच पोराला जरा बाजूला घ्या आणि विचारा की तुमच्या गल्लीत, शेतात, घरात तुला काय खटकतं, तर तो अशा गोष्टी सांगतो की आपण बघतच राहतो. म्हणजे मुलांना सुचत नाही असं अजिबात नाहीये. सुचतं, पण ते बाहेर यायच्या आधीच कुणीतरी त्याला मार्क देऊन टाकतं, कधी शिक्षक, कधी आईबाबा, कधी वर्गातली पोरं, आणि सगळ्यात आधी ते मूल स्वतःच.

हे लिहितोय ते साधारण १३ ते २० वयाच्या मुलांबरोबर काम करणाऱ्यांसाठी, म्हणजे शिक्षक, पालक, वस्तीत गट चालवणारे ताई-दादा आणि स्वतः ही मुलंसुद्धा. आणि सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, की तपासणं वाईट नाही, ते लागतंच, पण ते कधी यावं याची वेळ ठरलेली असली पाहिजे. लवकर आलं की खेळ खलास.

आधी थोडं मानसशास्त्र

१९५० मध्ये जे. पी. गिलफर्ड यांनी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या अध्यक्षीय भाषणात सांगितलं की आपण बुद्धी मोजतो पण सर्जनशीलतेकडे जवळपास बघतच नाही. त्यांनी विचारांचे दोन प्रकार पुढे नेले, एक अपसारी विचार म्हणजे एका प्रश्नाची शक्य तितकी वेगवेगळी उत्तरं काढणं, आणि दुसरा अभिसारी म्हणजे त्यातून एका योग्य उत्तराकडे येणं. आपल्याकडे पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू केली, ते स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक, आणि तिथल्या बुद्धिमापनाच्या कामात गिलफर्डच्या मांडणीचा मोठा आधार घेतला गेला. तर सांगायचा मुद्दा हा की दोन्ही विचार लागतात, पण एकाच वेळी दोन्ही करायला गेलं की दुसरा पहिल्याला गिळून टाकतो. आपली शाळा तर दिवसभर दुसराच करून घेते.

या वयात अजून एक भर पडते. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये 'काल्पनिक प्रेक्षक' ही कल्पना मांडली, की किशोरवयात मुलांना सतत वाटत असतं की सगळे आपल्याकडेच बघतायत, आपला ड्रेस, आपले पिंपल्स, आपण बोललेलं वाक्य. आता अशा मुलाला भर वर्गात उभं करून 'काहीतरी नवीन आयडिया सांग' म्हटलं तर तो काय करेल, तो सगळ्यात सेफ उत्तर देणार, जे आधी कुणीतरी दिलंय आणि ज्याला कुणी हसलेलं नाही. हा आळस नाही, हा स्वतःला वाचवण्याचा अगदी शहाणा मार्ग आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एक गोष्ट लगेच सांगून टाकतो. 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन' किंवा 'उजवा मेंदू जागा करा' असल्या कोर्सवर हजारो रुपये घालवू नका. त्याला शास्त्रीय आधार नाही. त्या पैशात करवत, स्क्रू ड्रायव्हर, सोल्डरिंग आणि चार चांगल्या वह्या येतात, ते घ्या.

पायरी १: बक्षिसाचं नाव सुरुवातीला काढू नका

१९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निसबेट यांनी स्टॅनफर्डच्या नर्सरी शाळेत प्रयोग केला. ज्या मुलांना मार्करने चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशीच निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता शेवटी दिलं, काहींना काहीच दिलं नाही. नंतर मोकळ्या वेळात बघितलं तर ज्यांना आधी आमिष दाखवलं होतं ती मुलं मार्करकडे बाकीच्यांच्या निम्माच वेळ वळली. न सांगता बक्षीस मिळालेल्यांवर मात्र असा परिणाम दिसला नाही. म्हणजे घोडं अडतं ते 'हे कर म्हणजे ते मिळेल' या सौद्यात.

टेरेसा अमाबिले यांनी पुढे हेच लेखकांवर बघितलं, १९८५ मध्ये. एका गटाला कविता लिहायच्या आधी फक्त प्रसिद्धी, पैसा, नाव अशा कारणांचा विचार करायला लावला, बस्स तेवढंच, आणि त्यांच्या कविता परीक्षकांना कमी सर्जनशील वाटल्या.

मग करायचं काय? पहिले दोन-तीन आठवडे स्पर्धा, नंबर, ट्रॉफी, कॉलेज अ‍ॅडमिशनला उपयोग, यातलं काही बोलायचंच नाही. स्पर्धेचा फॉर्म भरायचा असेल तर तुम्ही भरा, मुलांच्या डोक्यावर टांगू नका. पैसा सगळाच वाईट असंही नाही बरं का, जो पैसा काम करायला मदत करतो तो चालतो. केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या विद्यार्थ्याला मॉडेल बनवायला १०,००० रुपये मिळतात, ते वस्तू आणायचे पैसे आहेत हे मुलाला नीट समजावून सांगा, 'तू दहा हजार जिंकलास' असं म्हणत सोसायटीभर पेढे वाटू नका.

पायरी २: उत्तराआधी प्रश्न शोधा, आणि इथे घाई करू नका

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आणि सगळ्यात जास्त गाळली जाते तीही हीच.

जेकब गेट्झल्स आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी १९६० च्या दशकात शिकागोच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना टेबलांवर ठेवलेल्या वस्तू दिल्या आणि सांगितलं, यातल्या हव्या त्या घ्या, मांडा आणि स्थिरचित्र काढा. काहींनी पटकन दोन वस्तू उचलल्या आणि सुरू केलं. काहींनी बऱ्याच वस्तू हातात घेतल्या, उलटसुलट करून बघितल्या, मांडणी मोडली, परत केली. दुसऱ्या प्रकारच्या मुलांची चित्रं जाणकारांना जास्त अस्सल वाटली, आणि काही वर्षांनी कोण कलाकार म्हणून टिकलं ते बघितलं तेव्हाही हीच मुलं पुढे दिसली. म्हणजे नेमकं काय करायचंय हे शोधण्यात घालवलेला वेळ वाया जात नाही.

आता हे आपल्याकडे कसं करायचं त्याचं एक उदाहरण घेऊ, नाशिकच्या बाजूच्या कुठल्याही शाळेत करता येईल असं. विषय: चाळीतला, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमधला, कांदा सडतो. उन्हाळ कांदा काढून चाळीत भरतात आणि भाव येईल तशी महिनोन्‌महिने वाट बघतात, मधल्या काळात किती गेला ते चाळ फोडल्यावरच कळतं. मुलांना हे माहितीच असतं, घरचंच दुखणं आहे. विषय दिला की पाच मिनिटांत उत्तर येतं, 'सर, सेन्सर लावू.' इथे थांबवायचं. सेन्सर वाईट नाही, पण तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हे अजून कुणालाच माहीत नाही.

मुलांना वही देऊन चाळीत पाठवा. कांदा नुसता बघायचा नाही, हातात घ्यायचा, दाबायचा, वास घ्यायचा, कापून बघायचा. आजीला विचारायचं की तुला सड कशी कळते. मजुरी करणाऱ्या मावशींना विचारायचं की पात कापताना मान, म्हणजे कांद्यावरचा पातीचा बुडखा, किती ठेवता, कारण मान फार जवळ कापली किंवा नीट वाळली नाही तर सड तिथून आत शिरते. ढिगाची उंची मोजायची, खालून हवा येते का, मधल्या थरात हात घातला तर गरम लागतं का ते बघायचं. एवढं झालं की एकाच विषयाचे चार प्रश्न होतात. सडायला लागलेला कांदा लवकर ओळखायचा कसा? मधल्या थरापर्यंत हवा पोचवायची कशी? काढणीच्या वेळी घाई असताना मान वाळली की नाही हे कसं तपासायचं? खराब माल सगळा ढीग न हलवता बाहेर काढायचा कसा? आता बघा, पहिल्या प्रश्नाला सेन्सर लागू शकेल, तिसऱ्याला कदाचित फक्त एक साधी पट्टी आणि दोन दिवसांचा धीर लागेल. आणि तिसरा प्रश्न बऱ्याचदा त्या मुलीला सापडतो जी वर्गात कधी बोलत नाही पण आईबरोबर कांदा काढायला जाते.

पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर, की हाताने काम करता करता शिकणं हेच खरं शिकणं आणि गावाच्या गरजा हाच अभ्यासक्रम. पुढे अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांची छोटी कार्यशाळाही उभी राहिली. मशीन नंतर आलं, गावातले प्रश्न आधीपासून होते, हा क्रम लक्षात घ्या.

या पायरीला किमान दोन आठवडे द्या. वहीत उत्तरं लिहायची बंदी, फक्त प्रश्न आणि जे दिसलं ते.

पायरी ३: माहितीचा कंटाळा करू नका

सर्जनशील म्हणजे पाठांतर नको, अभ्यास नको, असा एक समज पसरलाय, तो चुकीचा आहे. ज्याला कांद्याबद्दल काही माहीत नाही त्याला कांद्याबद्दल नवीन सुचणार नाही. वाचायला लावा, कृषी विज्ञान केंद्रात फोन लावायला सांगा, बीजगणित लागलं तर तेही करा. फक्त माहिती प्रश्न सापडल्यावर द्या, म्हणजे मूल ती स्वतः ओढून घेतं.

पायरी ४: सुचवायची वेळ. आधी गप्प बसून, मग एकत्र

आपल्याकडे ब्रेनस्टॉर्मिंग म्हणजे सगळ्यांना गोल बसवून 'बोला रे' म्हणणं. ही पद्धत अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न या जाहिरात क्षेत्रातल्या माणसाने लोकप्रिय केली, आणि त्याचा 'आधी टीका नको' हा नियम चांगलाच आहे. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात तपासलं तेव्हा चार जणांनी एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढल्या त्यापेक्षा बऱ्याच जास्त कल्पना वेगवेगळ्या बसलेल्या चार जणांच्या मिळून निघाल्या. १९८७ मध्ये मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोब यांनी मोठं कारण दाखवलं, एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि थांबता थांबता डोक्यातलं निसटतं. त्यात भर म्हणजे आपला तो काल्पनिक प्रेक्षक. आणि वर्गात जो पोरगा मोठ्याने बोलतो, बाकी सगळे त्याचीच री ओढतात, हे तर रोज दिसतं.

म्हणून असं करा. सगळ्यांना चिठ्ठ्या द्या, एका चिठ्ठीवर एकच कल्पना, नाव लिहायचं नाही, १० मिनिटं पूर्ण शांतता. मग चिठ्ठ्या गोळा करून मिसळा आणि तुम्ही वाचा, एकाच आवाजात, चेहरा न बदलता. हे सोपं नाही, एखादी कल्पना वाचताना आपल्या भुवया वर जातात आणि मुलं ते टिपतात. मग परत १० मिनिटं, आता दुसऱ्यांच्या चिठ्ठ्यांवरून काही सुचलं तर ते लिहायचं. बोलणं त्याच्यानंतर.

नमुना दाखवायचा नाही. मागच्या वर्षीचं जिंकलेलं मॉडेल, यूट्यूबचा व्हिडिओ, काही नाही. स्टीव्हन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दाखवलं की उदाहरणं दाखवली की लोक त्यातलेच भाग आपल्या कल्पनेत ओढून आणतात, त्यांना 'यापेक्षा वेगळं करा' सांगितलं तरी. आता एआय चॅटबॉटचंही तेच. २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात एआयकडून कल्पना घेऊन लिहिलेल्या गोष्टी एकेकट्या बघितल्या तर वाचकांना जास्त चांगल्या वाटल्या, पण सगळ्या मिळून एकमेकींसारख्या झाल्या. त्यामुळे मोबाईल बाहेर ठेवा, चॅटबॉट नंतर वापरा, आपल्या २० चिठ्ठ्या हातात असताना.

पायरी ५: आटलं असं वाटलं की थांबू नका

पहिल्या पाच-सात कल्पना सगळ्यांच्या सारख्याच येतात, कारण त्या आठवणीतून येतात. वेगळ्या कल्पना यादीत पुढे पुढे येतात, हे १९५७ पासून वेगवेगळ्या अभ्यासांत दिसत आलंय. आणि ब्रायन लुकास व लोरन नॉर्डग्रेन यांनी २०१५ मध्ये दाखवलं की अजून थोडा वेळ बसलं तर आपल्याला किती सुचेल याचा अंदाज लोक कमी करतात. म्हणजे मुलगी म्हणते 'सर संपलं आता', तेव्हा ती खोटं बोलत नसते, तिला खरंच तसं वाटतं, पण ते खरं नसतं. तिला हे आधीच सांगून ठेवा, की मधे एक कोरडा पट्टा येतो, सगळ्यांना येतो, तो तुझ्या हुशारीबद्दल काहीही सांगत नाही. मग फक्त पाच अजून मागा. 'चांगल्या पाच' म्हणू नका, 'कसल्याही पाच' म्हणा.

पायरी ६: सोडून द्या

ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ मध्येच सर्जनाचे टप्पे मांडले होते, तयारी, मग मुरू देणं, मग एकदम सुचणं, मग तपासणं. मुरू देण्याचा फायदा होतो का यावर नंतर खूप प्रयोग झाले आणि २००९ मध्ये सिओ आणि ऑर्मरॉड यांनी ते सगळे एकत्र बघून सांगितलं की हो, होतो, आणि जास्त करून अशा प्रश्नांत जिथे अनेक उत्तरं शक्य असतात. अट एवढीच की आधी तयारी झालेली हवी. काहीच न करता 'मुरवत' बसून उपयोग नाही.

चालणं उत्तम. स्टॅनफर्डमध्ये मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये बघितलं तर चालताना अपसारी विचारांच्या चाचणीत लोकांची कामगिरी सरासरी ६० टक्क्यांनी वाढली, ट्रेडमिलवर चाललं तरी. एकच बरोबर उत्तर असलेल्या कोड्यांना मात्र चालण्याचा तसा फायदा झाला नाही. तेव्हा मुलांना दोन-दोन जणांत ग्राउंडला चकरा मारायला पाठवा, वही बरोबर.

पालकांना इथे कळकळीने सांगावंसं वाटतं. सकाळी शाळा, दुपारी क्लास, संध्याकाळी दुसरा क्लास, रात्री टेस्ट सिरीज, यात हे मुरणार कुठे? दहावी-बारावीचं वर्ष आहे हे मान्य आहे, पण आठवड्यात दोन तास असे असू द्या ज्यांचा हिशोब तुम्ही मागणार नाही. पोर छताकडे बघत पडलंय म्हणून त्याच्या हातात पुस्तक देऊ नका. आणि झोप कापू नका.

पायरी ७: हाताने करून बघा, कचऱ्यातून

पहिलं मॉडेल पुठ्ठा, बाटल्या, सायकलच्या स्पोकपासून करा. मॉडेल महाग झालं की मूल ते मोडायला घाबरतं, आणि मोडायला घाबरलं की सुधारणा बंद. अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत आणि त्याआधीही आयुष्यभर टाकाऊतून खेळणी करून दाखवली, ती मोफत बघायला मिळतात. पण नमुन्याबद्दल वर जे म्हटलं ते लक्षात ठेवा, ती हात वळण्यासाठी बघा, कॉपीसाठी नको.

कामं वाटताना लक्ष ठेवा. बहुतेक गटांत मुलगे जोडाजोडी करतात आणि मुलींकडे चार्ट आणि अक्षर येतं. दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून कामं बदला. ज्याच्या हातात कधी करवत आली नाही त्याला करवतीने काय होईल हे सुचणार तरी कसं?

पायरी ८: आता तपासा, आणि कडक तपासा

आता परीक्षकाला बोलवायची वेळ. इतके दिवस थांबवलं ते याचसाठी, आता हात आखडता घ्यायचा नाही. नवीन असणं पुरेसं नसतं, उपयोगीही असावं लागतं. कांद्याच्या उदाहरणात, मधे छिद्रं पाडलेला पाइप घालून हवा खेळवायची कल्पना निघाली असेल तर दोन छोटे ढीग करा, एकाच शेतातला, एकाच दिवशी काढलेला कांदा, एकात पाइप, एकात नाही, दर आठवड्याला वजन आणि सडलेले कांदे मोजा. फरक नाही पडला तर नाही पडला, तसंच लिहा. 'प्रदर्शनात दाखवायला बरं दिसत नाही' म्हणून आकडे सजवणाऱ्या मोठ्या माणसाने त्या मुलाचं जे नुकसान केलं ते भरून निघत नाही.

तपासताना बोलायचं कसं? क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये पाचवीच्या आसपासच्या मुलांवर प्रयोग केले. 'तू किती हुशार आहेस' असं कौतुक झालेल्या मुलांनी पुढे सोपी कोडी मागितली, अवघड जमलं नाही तेव्हा ती लवकर खचली. 'तू मेहनत केलीस' म्हटलेल्यांनी अवघड मागितली. नंतरच्या काही मोठ्या चाचण्यांत अशा उपायांचा परिणाम बराच लहान दिसला, त्यामुळे एका वाक्याने चमत्कार होईल असं समजू नका. पण तरी 'जीनियस आहे आमचा' हे टाळाच, कारण जीनियसला चुकायची परवानगी नसते. त्याऐवजी कामाबद्दल बोला: हे तू कुठून आणलंस, इथे पाणी साचलं तर काय होईल, हे तुझ्या काकांना वापरायला दिलंस का, त्यांनी कुठे शिव्या घातल्या.

टीका शक्यतो एकट्यात, कल्पनेवर, आणि मुलाने स्वतः आधी तीन कच्चे दुवे सांगितल्यावर. तीन सांगता आले की समजा ते मूल तयार झालंय, मग बाहेरचा परीक्षक काहीही विचारो.

वेळेचा अंदाज

साधारण १० आठवडे धरा. प्रश्न शोधायला दोन, माहितीला एक, चिठ्ठ्या आणि मुरण्याला दोन, बनवायला तीन, तपासायला दोन. कांद्यासारख्या विषयात ढीग ठेवून मोजायचं असेल तर शेवटचा टप्पा चांगलाच लांबेल, त्यामुळे उन्हाळी सुट्टीत सुरुवात केलेली बरी, प्रदर्शनं पावसाळा संपता संपता आणि पुढे हिवाळ्यात असतात. आणि मधेच एखाद्या मुलाचा जीव त्या विषयात रमेनासा झाला, जो प्रश्न त्याला खटकत होता तो आता खटकत नसेल, तर त्याला पायरी २ वर परत जाऊ द्या, वही तीच राहू दे, बाकीचे पुढे गेले तरी चालतील.